आयसीयूबाहेरच्या नातेवाइकांवर थीसिस करायचाय, प्रश्नावली घेऊ की मुलाखती?

अबोली_नर्सिंग

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी नर्सिंग करतेय, मेडिकल सर्जिकल, पहिलं वर्ष. सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, तारीख डोक्यावर आलीय आणि माझं गाडं अजून टॉपिकवरच अडलंय. मला आयसीयूतल्या पेशंटच्या नातेवाइकांवर करायचंय, म्हणजे आपला माणूस आत, आपण बाहेर, त्या दिवसांत सिस्टरांकडून डॉक्टरांकडून त्यांना काय मिळालं, काय नाही, काय खुपलं. गाईड मॅडम म्हणतात स्ट्रक्चर्ड प्रश्नावली घे, १०० सॅम्पल घे, लायकर्ट स्केल लाव (सहमत ते असहमत अशी पट्टी), शेवटी वय-शिक्षण-उत्पन्नाशी काय-स्क्वेअर ही आकड्यांची चाचणी करून असोसिएशन, म्हणजे संबंध, दाखव आणि मोकळी हो. लायब्ररीत मागच्या बॅचचे थीसिस बघितले तर बहुतेक असेच, "अमुक शहरातील निवडक रुग्णालयांमधील..." अशी सुरुवात आणि शेवटी बहुसंख्य लोक समाधानी.

पण पोस्टिंगला एक प्रकार बघितला तेव्हापासून माझा त्या समाधानावरचा विश्वासच उडालाय. डिस्चार्जच्या वेळी फीडबॅक फॉर्म भरून घ्यायचं काम आम्हा स्टुडंट्सकडे असायचं. एका पेशंटची सून होती, नवरा बिलाच्या लाईनीत उभा, हिने फॉर्म गुडघ्यावर ठेवला, वाचला बिचला काही नाही, वरून खालपर्यंत 'उत्तम'च्या रकान्यात टिका मारत गेली. 'जेवणाचा दर्जा' यालाही उत्तम, पेशंट तर सगळा वेळ राईल्स ट्यूबवर होता, म्हणजे नाकातल्या नळीनेच पोटात अन्न जायचं. आणि तीच बाई थोड्या वेळाने लिफ्टपाशी आमच्या मावशींना सांगत होती की मामंजींचे हात पलंगाला का बांधलेत हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मला वाटलं यांनी कुणाला मारलंबिरलं की काय, घरी सासूबाईंना सांगायची पण लाज वाटली. आता नळी ओढू नये म्हणून बांधतात हे आपल्याला माहितीय, तिला कोण सांगणार. फॉर्ममध्ये यासाठी रकानाच नव्हता.

तर विचारायचंय असं की (१) प्रश्नावलीच घ्यायची तर या विषयाला चालेल असं रेडीमेड टूल आहे का (२) मुलाखती घेतल्या आणि १०-१२ च लोक झाले तर युनिव्हर्सिटीत चालतं का, व्हायव्हाला फाडून खातील का (३) मी युनिफॉर्ममध्ये समोर बसले तर लोक खरं बोलतील का? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त छळतोय.

निवृत्त_ट्यूटर

अबोली, विषय छान आहे, सोडू नकोस. क्रमाने सांगते, जरा लांब होईल.

टूल आहे आणि ते एका नर्सच्याच कामातून आलंय. नॅन्सी मोल्टर नावाच्या अमेरिकन नर्सने १९७९ साली क्रिटिकल पेशंटच्या ४० नातेवाइकांना भेटून विचारलं की तुम्हाला गरज कशाकशाची वाटते, ४५ गरजांची यादी पुढे ठेवली होती. सगळ्यात वर आलं ते 'काहीतरी आशा आहे असं वाटणं'. त्याच्या मागोमाग इथल्या लोकांना आपल्या माणसाची काळजी आहे असं जाणवणं, प्रश्नांची खरी उत्तरं मिळणं, दिवसातून एकदा तरी माहिती मिळणं, तब्येतीत फरक पडला तर घरी फोन येणं. स्वतःच्या सोयीच्या गोष्टी खाली. पुढे जेन लेस्कीने त्याच यादीवर काम करून तिची इन्व्हेंटरी केली, क्रिटिकल केअर फॅमिली नीड्स इन्व्हेंटरी, सगळे सीसीएफएनआय म्हणतात. त्यात पाच गट पडतात: आश्वासन, माहिती, जवळ असणं, आराम, आधार. जगभर वापरलंय. भारतातही वापरतात.

पण एक लक्षात घे, ते गरजा मोजतं. माहिती मिळणं किती महत्त्वाचं हे चारपैकी एका आकड्यावर कळेल. तुझ्या त्या सुनेला हात बांधलेले बघून काय वाटलं, तिने ते घरी कसं लपवलं, हे त्यात येणार नाही. त्यासाठी मुलाखतच. फेनॉमेनॉलॉजी (माणसाने स्वतः जगलेल्या अनुभवाचा अभ्यास) म्हणून सिनॉप्सिसमध्ये लिही, विश्लेषणाला कोलायझीच्या १९७८ च्या सात पायऱ्या घे, आपल्याकडच्या परीक्षकांना त्या ओळखीच्या असतात. ब्राऊन आणि क्लार्कचं २००६ चं थिमॅटिक ॲनालिसिसही, म्हणजे बोलण्यातून समान मुद्दे काढणं, चालेल, उलट सोपं जाईल, पण मग 'फेनॉमेनॉलॉजी' हा शब्द शीर्षकात मिरवू नको, दोन्हीची खिचडी केलीस की व्हायव्हाला पहिला प्रश्न त्यावरच.

सॅम्पलचं म्हणशील तर गुणात्मक अभ्यासात आकडा आधी ठरवून बसत नाहीत, नवीन काही निघेनासं झालं की थांबतात. पण सिनॉप्सिसला आकडा लागतोच, तेव्हा 'अंदाजे १० ते १५, सॅच्युरेशनपर्यंत' असं लिही.

नाईटवाली_सिस्टर

रागावू नकोस पण हे असले अभ्यास वाचले की माझं डोकं उठतं. निष्कर्ष काय, तर 'नर्सेसनी संवाद कौशल्य वाढवावे'. दरवेळी. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर हे कागदावर, प्रत्यक्षात नाईटला किती जणी असतात ते एकदा येऊन बघा. एकीकडे इनोट्रॉप (हृदयाला जोर देणारं औषध) चालू, दुसरीकडे सक्शन, तिसऱ्याचा एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवायचाय, आणि दारावर पाचवा नातेवाईक, तोच प्रश्न, "सिस्टर, आमचा कसाय?" आता कसाय ते मी सांगू शकते का? सांगितलं आणि सकाळी राऊंडला डॉक्टर दुसरं काही बोलले की मेमो मला. म्हणून आम्ही सगळ्या एकच वाक्य पाठ केलंय, "डॉक्टरांना विचारा". लोकांना वाटतं सिस्टर उद्धट आहे.

त्यामुळे अभ्यास कर, पण नातेवाइकाला माहिती मिळाली नाही एवढंच लिहून थांबू नको. माहिती द्यायचा अधिकार नक्की कुणाला आहे, कुणी कुठल्या वेळी द्यायची ठरलंय का, हे पण बघ. आणि हात बांधण्याबद्दल म्हणशील तर ते सांगायला डॉक्टर लागत नाही, ते आपलंच काम, तिथे त्या ड्युटीवालीचं चुकलंच, मान्य.

सिन्नरकर

मी नर्सिंगमधला नाही पण बाहेर बसलेला आहे, म्हणून लिहितो. वडील आयसीयूत होते, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. आता बरे आहेत, शेतात जातात.

ताई तुमच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न टाका, हाक कशी मारतात. आमच्या तिथे दार अर्धं उघडायचं आणि आतून ओरडायचे "बेड नंबर चारचे नातेवाईक!" बस. औषधाची चिठ्ठी द्यायची असेल तरी तीच हाक, सही पाहिजे तरी तीच, आणि माणूस गेला तरी तीच. शेजारच्या बेडवाल्यांना तशीच हाक आली, ते चिठ्ठी समजून पैसे चाचपत गेले आणि आतून रडण्याचा आवाज आला. त्यानंतर आमच्या नंबरची हाक आली की माझी आई उठायचीच नाही, मला ढकलायची. चिठ्ठीच असायची बहुतेक वेळा. पण दरवाज्यापर्यंत जाईस्तोवर जीव जायचा. साधं "चारवाले, औषध आणायचंय" असं ओरडलं असतं तर काय बिघडलं असतं?

आणि सगळंच वाईट नव्हतं हेही लिहितो. एक सिस्टर होत्या, केरळच्या असाव्यात, मराठी मोडकं. ड्युटी संपवून पर्स घेऊन निघाल्या की आमच्यासमोर दोन मिनिटं थांबायच्या. "रात्री झोपले, लघवी नीट झाली, ताप नाही." एवढंच. डॉक्टर जे सांगायचे क्रिएटिनिन बिएटिनिन ते डोक्यावरून जायचं, लघवी झाली म्हणजे बरं चाललंय हे आईला बरोबर कळायचं, मग ती डब्यातलं दोन घास खायची.

फीडबॅक फॉर्म आम्हाला पण दिला होता, बिलाच्या काउंटरवर, डिस्चार्जची फाईल हातात पडायच्या आधी. फाईल त्यांच्याकडे आणि फॉर्म माझ्याकडे, सांगा काय लिहिणार. आणि परत दाखवायला तिथेच जायचं होतं.

अबोली_नर्सिंग

सिन्नरकर दादा, हाकेचं मी कुठल्याच टूलमध्ये वाचलं नाही. आणि मी स्वतः ती हाक मारलीय पोस्टिंगला, बेड नंबरनेच, नावाने मारायची नाही असं शिकवलं होतं आम्हाला. हे मुलाखतीत घेणारच.

@नाईटवाली ताई, पटलं. निरीक्षण पण ठेवावं का मग? म्हणजे भेटीच्या वेळेत दारापाशी बसून कोण काय विचारतं आणि काय उत्तर मिळतं ते टिपायचं?

लेस्टरची_मराठी_नर्स

मी मूळची कोल्हापूरची, आता इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, आयसीयूतच आहे. तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते कारण हा प्रश्न इथेही आहे, फक्त कपडे वेगळे.

इथे फ्रेंड्स अँड फॅमिली टेस्ट म्हणून प्रकार आहे, २०१३ पासून. सुरुवातीला प्रश्न असा होता की तुमच्या जवळच्यांना हा वॉर्ड सुचवाल का. आता आयसीयू कोण कुणाला सुचवतं, काय सांगायचं, "एकदा जाऊन या, छान आहे"? बरीच टीका झाल्यावर एप्रिल २०२० पासून प्रश्न बदलला, एकूण अनुभव कसा होता एवढंच विचारतात आणि खाली मोकळं लिहायला जागा. आमच्या इनचार्ज आकड्यांपेक्षा त्या खालच्या दोन ओळीच वाचतात. अमेरिकेतला एचकॅप्स सर्व्हे अजून वेगळा, त्यात समाधानी आहात का यापेक्षा नर्सने तुमचं म्हणणं लक्ष देऊन ऐकलं का, किती वेळा, कधीच नाही / कधीकधी / बहुतेक वेळा / नेहमी, असं विचारतात. आणि पेशंट घरी गेल्यावर विचारतात. तुझ्या प्रश्नावलीला हा धडा घे. समाधानाबद्दल विचारणं म्हणजे पाहुण्याला ताटावरच "भाजी कशी झालीय" विचारणं, तो छानच म्हणणार. काय घडलं ते विचार. "हात का बांधले ते कुणी सांगितलं का? कधी सांगितलं?" याला छान म्हणता येत नाही.

मुलाखत डिस्चार्जनंतर काही आठवड्यांनी घे, वॉर्डबाहेर, साध्या कपड्यात, आणि शक्यतो जिथे तुझी पोस्टिंग नाही त्या हॉस्पिटलमधले लोक घे. कोरेक म्हणून ३२ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, २००७ ची, मुलाखतींचे अभ्यास कसे लिहायचे याची, त्यात मुलाखत घेणारा कोण, त्याचं शिक्षण काय, समोरच्याशी त्याची आधीची ओळख काय हे स्पष्ट लिहायला सांगितलंय. म्हणजे तू नर्स आहेस हे लपवायचं नाही, लिहून टाकायचं, आणि त्याचा बोलण्यावर काय परिणाम झाला असेल तेही लिहायचं.

अजून एक. हे लोक रडतात. फ्रान्समध्ये अझुले आणि त्यांच्या टीमने २००५ मध्ये आयसीयू पेशंटच्या नातेवाइकांना तीन महिन्यांनी तपासलं तर साधारण ३३ टक्के लोकांमध्ये पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेसची, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाची, लक्षणं होती. पेशंटमध्ये नाही, नातेवाइकांमध्ये. तेव्हा मुलाखत कुठे थांबवायची, समुपदेशनाला कुठे पाठवायचं, हे सिनॉप्सिसमध्येच लिही. एथिक्स कमिटी विचारतेच, आणि नाही विचारलं तरी.

काय_स्क्वेअर_प्रेमी

थोडा विरोधी सूर. १२ जणांच्या गोष्टी ऐकून प्रशासन काही बदलत नाही, त्यांना आकडे लागतात. सिन्नरकरांचा अनुभव वाईट वाटला पण तो एका हॉस्पिटलचा, त्यावरून काय सिद्ध होतं? शिवाय एमएस्सीला वेळ किती असतो, एक तासाची मुलाखत लिहून काढायला पाच-सहा तास जातात, मग मराठीतून इंग्लिश, मग कोडिंग, म्हणजे वाक्यावाक्याला मुद्द्याचं लेबल लावणं. मी बघितलेत लोक एक्स्टेन्शन घेताना. गाईडचं ऐक, पास हो, पीएचडीला कर काय करायचं ते.

निवृत्त_ट्यूटर

काय_स्क्वेअर, वेळेचं तुमचं बरोबर आहे, मुलाखती लिहून काढणं हे हमालीचं काम आहे आणि ते दुसऱ्याला देऊ नये. पण आकडे म्हणजे पुरावा आणि गोष्टी म्हणजे गप्पा, असं नसतं हो. मोल्टरचे तरी किती होते, ४०. त्या ४० जणांपुढे ठेवलेल्या यादीवरच पुढे सीसीएफएनआय उभं राहिलं. हाकेचा प्रश्न कुणाच्या प्रश्नावलीत नव्हता कारण तो तयार करणाऱ्यांनी कधी ती हाक ऐकली नव्हती. आधी ऐकायचं, मग मोजायचं.

आणि आकड्यांनीही एकदम निकाल लागतो असं नाही. आयसीयू डायरीचं उदाहरण घ्या, लेस्टरच्या ताईंना माहीत असेलच. पेशंट बेशुद्ध असताना नर्स आणि नातेवाईक रोज चार ओळी वहीत लिहून ठेवतात, आज काय झालं, कोण भेटायला आलं, नंतर ती वही पेशंटला देतात. स्कँडिनेव्हियातल्या नर्सेसनी हे सुरू केलं. २०१० मध्ये युरोपातल्या १२ हॉस्पिटल्समध्ये ३५२ पेशंटवर ट्रायल झाली, डायरी मिळालेल्यांमध्ये नव्याने पीटीएसडी (तोच धक्क्यानंतरचा मानसिक त्रास) ५ टक्के, न मिळालेल्यांमध्ये १३ टक्के. सगळे खूष. मग २०१९ मध्ये फ्रान्सच्या ३५ आयसीयूंमध्ये मोठी ट्रायल झाली, त्यात फरक पडला असं काही म्हणता आलं नाही. आता हे असं का, कुठल्या डायरीत काय लिहिलं होतं, ती कुणी कुणाला कशी वाचून दाखवली, हे शोधायला परत माणसांपाशीच जावं लागतं.

अबोली, गाईडशी भांडू नको. मधला मार्ग आहे: आधी आठ-दहा मुलाखती, त्यातून निघालेल्या मुद्द्यांवर छोटी प्रश्नावली. मॅडमना काय-स्क्वेअर मिळेल, तुला सुनेची गोष्ट मिळेल. पण दोन वर्षांच्या कोर्सला हे जड आहे, म्हणून आयसीयू एकच धर आणि प्रश्नावलीचं सॅम्पल कमी कर.

परळचा_स्वयंसेवक

मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेच्या परिसरात काही वर्षं मदतीला जायचो, तिथे बाहेरगावचे कॅन्सर पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. सांगायचं एवढंच की नातेवाईक कोण हे आधी ठरवा. आपल्याकडे बाहेर बसते ती सून किंवा धाकटा भाऊ, आणि सही करायला येतो तो मोठा काका, जो गावाहून संध्याकाळच्या एसटीने आलाय. डॉक्टर काकांशी बोलतात. रात्रभर जागलेल्या सुनेला कुणी काही सांगत नाही आणि पेशंटला घरी नेल्यावर ड्रेसिंग, नळी, औषधांच्या वेळा सगळं तिच्याच गळ्यात. तुमचा अभ्यास काकांच्या मुलाखतींवर झाला तर पुस्तकात सगळं आलबेल दिसेल. सही करणाऱ्याला नको, डबा घेऊन बसणाऱ्याला विचारा.

अजून, बाईमाणूस घरच्यांसमोर बोलत नाही. नवऱ्याला चहा प्यायला पाठवा मग बोलेल.

नाईटवाली_सिस्टर

हे स्वयंसेवक म्हणतात ते शंभर टक्के. आमच्याकडे डिस्चार्जला इन्सुलिन कसं द्यायचं ते मुलाला शिकवतात, तो मान हलवतो, आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो सुनेचा, सुई कुठे टोचायची.

भेटीच्या वेळेबद्दल पण घे अबोली. सगळे म्हणतात नातेवाईक आत आले की इन्फेक्शन वाढतं, पेशंट गोंधळतो. ब्राझीलचा एक अभ्यास आमच्या सीएनईमध्ये (नर्सेसच्या चालू प्रशिक्षणात) सांगितला होता, २०१९ चा, ३६ आयसीयू, दिवसाला १२ तासांपर्यंत नातेवाइकाला थांबू दिलं. डेलिरियम, म्हणजे पेशंटचा तो गोंधळ, कमी झाला असं नाही, पण इन्फेक्शन पण वाढलं नाही आणि नातेवाइकांची चिंता, नैराश्य कमी. आता आमच्याकडे १२ तास म्हटलं तर मी नोकरी सोडेन 😄 बेडच्या मध्ये उभं राहायला जागा नाही. पण संध्याकाळचा अर्धा तास ठरवून, एका सिस्टरने फक्त बोलायला, एवढं तरी जमायला हवं. तेवढ्यासाठी एक जास्तीची सिस्टर लागते हे पण तुझ्या शिफारशीत लिही, 'संवाद कौशल्य वाढवावे'च्या जागी.

अबोली_नर्सिंग

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज गाईड मॅडमशी बोलले. एकदम हो नाही म्हणाल्या पण सिन्नरकर दादांची हाकेची गोष्ट सांगितली (नाव न घेता) तर गप्प झाल्या आणि म्हणाल्या आधी पाच मुलाखतींचा पायलट करून आण, मग बघू. पहिला प्रश्न असा ठरवलाय, "पेशंटला आत नेलं आणि दार बंद झालं, तिथून पुढे काय काय झालं ते सांगा." मग मध्ये बोलायचं नाही.

एक शंका, संमतीपत्राचं काय? बऱ्याच आजी-आजोबांना सही येत नाही. आणि रेकॉर्डिंगला लोक घाबरतात.

निवृत्त_ट्यूटर

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाच. माहितीपत्रक मराठीत, साध्या भाषेत, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि तुमच्या टीमबाहेरचा साक्षीदार सही करतो. रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी विचार, नाही म्हणाले तर हाताने टिपून घे, मुलाखत सोडू नको. आणि पत्रकात ठळक लिही की नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही. ते तोंडानेही सांग, एकदा सुरुवातीला आणि एकदा मध्येच.

नाईटवाली_सिस्टर

आणि पायलटला आमच्याकडे यायचं असेल तर आधी मेट्रनना भेट, सरळ डीनच्या ऑफिसात अर्ज टाकलास तर तो महिनाभर तिथेच पडेल. मेट्रन मंगळवारी दुपारी राऊंडनंतर मोकळ्या असतात. जाताना माहितीपत्रकाची एक कॉपी आमच्या रखमा मावशींना पण दे, बाहेर कोण किती दिवस बसलंय ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.